ट्रेलर पार्कला वळसा

हिल्के उबेन माझ्या कॅन्टीनमध्ये पहिल्यांदा आली ती तक्रार घेऊनच. रविवार होता, सकाळची गर्दी ओसरली होती आणि मी तव्याची करप खरवडत बसले होते. दारातून एक उंच, हाडकुळी बाई आत आली. पांढरे केस कानाच्या वर कापलेले, गळ्यात हेडफोन तसाच लटकत होता.

"मोइन," ती म्हणाली. हा तिच्याकडचा नमस्कार. सकाळ, दुपार, रात्र, कधीही चालतो. "आज विमानतळ बंद आहे का?"

"बंद कशाला असेल?"

"मी कधीची रेडिओवर विचारतेय, उडू का म्हणून. कोणी उत्तरच देत नाही."

"कोण देणार? इथे कंट्रोल टॉवरच नाही, तर माणूस कुठून येणार?"

"मग परवानगी कोण देतं?"

"कोणी नाही. आजूबाजूला बघायचं, मी निघाले असं रेडिओवर सांगायचं आणि जायचं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या जर्मनीत म्हणे मैदानावर नेमलेला माणूस हजर असल्याशिवाय विमानाचं चाक हलत नाही. तो जेवायला गेला की अख्खा विमानतळ जेवायला गेला. इतकी वर्षं त्या माणसाच्या "जा" या एका शब्दावर उडालेली बाई फ्लोरिडाच्या उन्हात इंजिन चालू ठेवून कोणाच्या तरी "जा"ची वाट बघत बसली होती. मला हसू आवरेना. तिला मात्र हसू आलं नाही.

"बरं, मी देते परवानगी," मी म्हटलं. "तू विमानात जाऊन बस. मी खिडकीतून उलथनं हलवते."

ती खरंच जाऊन बसली. मी उलथनं हलवलं. तिने मान लववून आभार मानले आणि गेली. तेव्हापासून आमचा रिवाजच पडला. उडण्याआधी ती कॅन्टीनच्या खिडकीकडे बघायची आणि मी हातात असेल ते हलवायची, कधी उलथनं, कधी फडकं.

माझ्या या विमानतळावर युरोपातले वैमानिक दरवर्षी येतात. इथे आभाळ स्वच्छ, पेट्रोल स्वस्त, आणि गॅरेट लूमिसची उड्डाणशाळा त्यांची वाटच बघत असते. पोरं येतात, महिनाभर माझे बर्गर खातात, अमेरिकन लायसन्स खिशात घालून परत जातात. हिल्के त्यातली नव्हती. ती इथेच राहणारी होती. तिचा नवरा लेलंड याच गावचा. अमेरिकन लष्करात हेलिकॉप्टर दुरुस्त करायला जर्मनीत गेला, तिच्यात अडकला आणि तिथेच राहिला. म्हातारपणी त्याला गाव आठवलं. तिने सगळं सोडलं आणि त्याच्याबरोबर आली. वर्ष पुरतं भरायच्या आत तो हार्डवेअरच्या दुकानात, खिळ्यांचं पुडकं हातात घेऊन, रांगेतच कोसळला. मागे उरली ही, आणि त्याची जुनी मोटार.

"परत का नाही जात?" मी विचारलं होतं.

"त्याला इथे पुरलंय. त्याला एकट्याला टाकून कुठे जाऊ?" एवढंच बोलून तिने चहाच्या कपात खडीसाखरेचा खडा टाकला. चहाची पावडर, खडीसाखर, साय, सगळं तिचं तिचं असायचं. माझा बर्फातला गोड चहा तिने एकदाच चाखला आणि कप हळूच लांब सरकवला. मी तो अपमान गिळला.

तिकडे तिचं काम काय होतं, तर उत्तर समुद्रातल्या वाळूच्या एका बेटावर लहान विमानाने जा-ये करायची. ओहोटीला म्हणे तिथला समुद्रच निघून जातो आणि होड्या चिखलात बसतात. मग पहाटेचे पाव, टपाल, डॉक्टर, अडलेली बाई, सगळं हिच्या विमानातून. कधीकधी मागच्या खुर्च्या काढून शवपेटीसुद्धा. एक फेरी म्हणजे अंडं उकडायला लागतो तेवढा वेळ. अशा फेऱ्या तिने धुक्यात, बर्फात, आडव्या वाऱ्यात तीस वर्षं मारल्या. सात हजार तास भरले होते.

ते सात हजार तास घेऊन ती इथल्या सरकारकडे गेली. सरकारने काय दिलं? हौशी लायसन्स. उडा, खुशाल उडा, पण कोणाकडून छदामही घ्यायचा नाही. पगार घेऊन उडायचं असेल तर पहिल्यापासून सगळं करा. लेखी परीक्षा द्या, शिकवणी लावा, परीक्षकासमोर उडून दाखवा. मी नुसती ऐकणारी, तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि कसली कसली थेरं सांगू? एकटीने लांबचं उड्डाण केलंय का, विचारलं. तिने केलेलं होतं, तरुणपणी, तीनशे मैलांचं. पण ते त्रिकोणात. तिच्या देशाला त्रिकोण चालतो. आमच्या देशाला निघाल्या जागेपासून सरळ रेषेत अडीचशे मैल लांब कुठेतरी चाक टेकलेलं लागतं. झालं, त्रिकोण वाया. मग ही एकटी जॉर्जियापर्यंत गेली, तिथे पेट्रोल भरलं, बाथरूमला गेली आणि परत आली. देशाची केवढी सेवा झाली.

आभाळात आडवा आठ काढून दाखवा, हेही होतं. तोसुद्धा सावकाश, आळोखेपिळोखे दिल्यासारखा.

"बाळंतपणाच्या कळा देणारी बाई मागे बसलेली असताना मी आठचे आकडे काढायला हवे होते," हिल्के म्हणाली. "तिने पोराचं नाव आठच ठेवलं असतं."

पण तिने काढले. सगळं केलं. कारण तिला एक नोकरी दिसली होती. आमच्या जिल्ह्याच्या डासविभागाचं एक फवारणीचं विमान आहे. ते चालवणारा म्हातारा निवृत्त झाला होता. हिल्केने जाऊन त्यांच्या साहेबाला गाठलं. त्याला ती पसंत पडली. म्हणाला, महिनाअखेरपर्यंत व्यावसायिक लायसन्स आणा, जागा तुमची. त्यानंतर मला थांबता येणार नाही.

"हौशी लायसन्सवर उड ना मजेत," मी एकदा म्हटलं. "कशाला एवढा जीव काढतेस?"

"फुकट उडणं ही हौस," ती म्हणाली. "हौस करायला मला घरी नवरा लागतो. नवरा नाही, तर मला काम पाहिजे. नाहीतर मी त्या घरात पडदे बघत बसेन आणि एक दिवस मीही रांगेत कोसळेन."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं त्यावाचून कळणार नाही. मी नादीन फुच. धावपट्टीच्या टोकाला, विमानं उतरण्याआधी जिथे वळतात, बरोबर तिथे आमचा ऑरेंज व्ह्यू पार्क आहे. नाव संत्र्याचं, पण झाड एकही नाही. पन्नासेक ट्रेलर आहेत. चाकांवर आणलेली, आता कायमची रुतून बसलेली पत्र्याची घरं. त्यातल्या एकात मी आणि माझा नवरा हॉइट राहतो. हॉइटने आयुष्य फॉस्फेटच्या खाणीत घालवलं आणि फुफ्फुसं तिथेच ठेवून आला. रात्रभर खोकतो. डोळा लागतो तो दिवसा, आणि दिवसा डोक्यावर विमानं.

पूर्वी ही विमानं धावपट्टीच्या पलीकडून फिरायची. तिकडे तेव्हा नुसतं रान होतं. मग तिथे गोल्फचं मैदान झालं, तळं खणलं, बंगले उठले. बंगलेवाल्यांना विमानांचा त्रास होऊ लागला. त्यांनी वकील आणला आणि गावच्या सभेने विमानांचा फेरा उचलून आमच्या डोक्यावर आणून ठेवला. आम्हीही गेलो होतो सभेला. हॉइट नळीतून श्वास घेत पहिल्या रांगेत बसला होता. आमचं ऐकून घेतलं, पाणी विचारलं आणि घरी पाठवलं.

हिल्के आल्यावर काही दिवसांनी हॉइट मला म्हणाला, "तुझी जर्मन उडतेय वाटतं आज."

"तुला कसं कळलं?"

"एक विमान येतं आणि पार्कशी आलं की लांब जातं. पार्कमागच्या तळ्याच्या पलीकडून, दलदलीवरून फिरून येतं. तेवढ्यात मला झोप लागते."

मी हिल्केला विचारलं. तिला त्यात काही विशेष वाटलंच नाही. "घरं आहेत ना खाली," ती म्हणाली. बेटावर एक निवृत्त मास्तर होता. कोणाचं विमान छपरावरून गेलं की तो दुर्बिणीतून नंबर बघायचा आणि फोन फिरवायचा. वैमानिकाला कचेरीत उभं करायचे. तिकडे गावाला वळसा घालायचा म्हणजे घालायचा, नकाशावर रेघच आखलेली असते. तीस वर्षांत तो वळसा तिच्या हातात मुरला होता.

लूमिसला हे दिसत नव्हतं असं नाही. हिल्केची शिकवणी त्याच्याकडेच, विमानही त्याचंच भाड्याचं, तो शेजारीच बसलेला असायचा. पण वळसा जितका मोठा तितकं त्याचं बिल मोठं, म्हणून त्याने तोंडातून एक शब्द काढला नाही. हे मी अंदाजाने बोलत नाही. त्यानेच माझ्या काउंटरवर हसत हसत सांगितलं, कॉफी पिताना.

परीक्षक म्हणजे बॉइड टिलरी, निळ्या विमानातून येणारा जाडजूड म्हातारा. गुरुवारी आला. तोंडी परीक्षा झाली, आठचे आकडे झाले, सगळं ठीक. शेवटचं एक राहिलं होतं. धावपट्टीशेजारून जाताना इंजिन अगदी मंद करून टाकायचं, बंद पडल्यात जमा, आणि नुसतं तरंगत वळून यायचं. धावपट्टीवर एक खूण ठरवलेली असते. तिच्यावर किंवा थोडं पुढे टेकायचं. खुणेच्या अलीकडे चाक लागलं की नापास. याचा सगळा सराव लूमिसने पूर्वेचा वारा असताना करून घेतला होता, धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला, जिथे खाली फक्त पाइनची झाडं. त्या दिवशी वारा फिरला. आमच्या टोकाने यावं लागलं.

खिडकीतून मला दिसलं. इंजिनाचा आवाज गेला. विमान वळायला हवं होतं, पण वळलं नाही. सरळ पार्कच्या शेवटच्या ट्रेलरपर्यंत गेलं आणि मग वळलं. मला विमानातलं काही कळत नाही, पण उशीर झाला एवढं मलाही कळलं.

खुणेच्या अलीकडे चाक टेकलं. ट्रकची लांबी, इतकंच अंतर.

टिलरी, हिल्के आणि लूमिस, तिघंही कॅन्टीनमध्ये आले. मी कॉफीचं भांडं घेऊन गेले तेव्हा टिलरी विचारत होता, "तुम्ही एवढ्या लांब का गेलात? उतरवायला तर तुम्हाला उत्तम येतं."

"खाली घरं होती," हिल्के म्हणाली.

लूमिस खो-खो हसला. "घरं? कुठली घरं? अहो मॅडम, ते ट्रेलर आहेत."

भांडं माझ्या हातात होतं. ते त्याच्या डोक्यावर ओतलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

"लूमिस," मी म्हटलं, "माझ्या ट्रेलरला दार आहे. दाराला कडी आहे. आत माझा नवरा झोपलाय. झोपलाय म्हणजे, तुझी विमानं झोपू देतील तेवढाच. याला तुमच्यात घर म्हणत नाहीत, तर काय म्हणतात?"

"नादीन, मी आपलं गमतीत—"

"तुझी गंमत मी रोज डोक्यावर ऐकते." मग मी टिलरीकडे वळले. "आणि तुम्ही. या गावात आमच्याकडे माणसं म्हणून बघणारं एक विमान होतं. एकच. तेच बरं सापडलं तुम्हाला नापास करायला."

"बाई, मी खूण बघून निकाल देतो," तो शांतपणे म्हणाला. "घरं बघून नाही."

"मग कॉफीही दुसरीकडे बघा."

त्याने अर्धा कप तसाच ठेवला, टोपी घातली आणि उठला. दारापाशी थांबून हिल्केला म्हणाला, "पुढच्या गुरुवारी मी येतोय. फक्त एवढंच पुन्हा करायचं." ती गुरुवारची तारीख महिन्याच्या अगदी शेवटची होती. आता चुकलं असतं तर डासविभागाची जागा गेलीच.

सगळे गेल्यावर मला वाटलं, हिल्के माझा हात धरेल, रडेल. ती माझ्यावरच उखडली.

"तुला कोणी सांगितलं होतं भांडायला?"

"अगं, तुझ्यासाठीच—"

"मला नको. चूक माझी आहे. इंजिन मंद होतं, नादीन. आवाजच नव्हता. तुझ्या छपरावरून गेले असते तरी हॉइटची पापणी हलली नसती. मग मी कोणासाठी वळसा घातला?"

मी टिलरीचा अर्धा कप उचलून मोरीत ओतला.

"त्या मास्तरासाठी," ती म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "तो कानांनी ऐकत नव्हता, दुर्बिणीने बघत होता. आवाज असो नसो, छपरावर दिसलात की फोन. तो मरून दहा वर्षं झाली आणि अजून माझ्या हातात बसून विमान चालवतोय. मला वाटायचं, मी चांगुलपणाने वळसा घालते. कसला चांगुलपणा? भीती आहे ती."

"मग रोज इंजिन चालू असताना वळसा घालतेस, तीही भीतीच?"

तिने चमचा कपात ठेवला. चमचा कपात ठेवला की पुरे, आणखी चहा नको, असा तिच्याकडचा अर्थ.

"भीती असेल नाहीतर काही असेल," मी म्हटलं. "हॉइट झोपतो. त्याला कारण नकोय, झोप हवीय."

त्या आठवड्यात ती रोज उडाली. वारा कुठूनही असो, आमच्याच टोकाने यायची. इंजिन मंद करायची, पार्कशी यायची, आणि हात लांब जायचा. मला खालून कळायचं. पुन्हा वर जायची, पुन्हा यायची. एकदा वळली, पण उशिरा. एकदा वेळेवर वळली आणि मग घाबरून फार पुढे उतरली. बुधवारी संध्याकाळी आत आली तेव्हा चहाही मागितला नाही.

"जमलं का?" मी विचारलं.

"दोनदा जमलं. तीनदा नाही." आणि मग, खाली मान घालून, "नादीन, नोकरी गेली तर मी काय करू, मला खरंच माहीत नाही." तिला असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. चीड आली मला. तिची नाही. सात हजार तास उडालेल्या बाईला असं बोलायला लावणाऱ्या सगळ्यांची.

गुरुवारी वारा अजून आमच्याच टोकाचा होता. टिलरी आला तो कॅन्टीनकडे न बघता सरळ विमानाकडे गेला. हिल्के बसली, इंजिन चालू केलं आणि खिडकीकडे बघितलं. मी उलथनं हलवलं. टिलरीने शेजारून वाकून पाहिलं, ही कोणाकडे बघतेय म्हणून. मी त्यालाही दाखवलं, पण ते जरा वेगळ्या अर्थाने.

तव्यावर अंडी होती. ती तशीच टाकून मी बाहेर आले. विमान फेऱ्यावर आलं. खुणेसमोर आवाज गेला. मी मनात म्हटलं, वळ. वळ गं. आमच्यावरून जा, एकदा जा.

ती वळली. पंख कलला आणि विमान थेट आमच्या पत्र्यांवरून, कापडासारखं अलगद, धावपट्टीकडे आलं. चाकांचा चुरचुर आवाज आला. मला खूण दिसत नव्हती. लूमिस हँगरच्या दारात उभा होता, त्याला दिसत होती. त्याचं तोंड खुललेलं बघून मला कळलं की पास झाली.

टिलरीने तिथेच कागदी लायसन्स हातात दिलं. लूमिस फोन सरसावत आला. त्याच्या शाळेच्या भिंतीवर युरोपातल्या वैमानिकांचे फोटो असतात, हसऱ्या चेहऱ्यांचे. "मॅडम, जरा इकडे बघा."

"तुझ्या भिंतीवर माझं काय काम?" हिल्के म्हणाली आणि आत येऊन बसली. तिने चहा केला, मलाही दिला. तिच्याकडच्या रीतीने मी तो न ढवळता प्यायले. कडू लागला, मग तळाशी गोड. डासविभागाच्या साहेबाला तिने माझ्याच फोनवरून कळवलं. सोमवारी ये म्हणाला.

टिलरी कॉफीसाठी आला नाही. बाहेर आपल्या निळ्या विमानाभोवती फिरून चाकं तपासत होता. मी ॲपल पायचा एक तुकडा डब्यात घातला आणि हॉइटला सांगायला पार्ककडे निघाले. तो दारासमोर खुर्चीत पडला होता, डोळे मिटून.

"पास झाली," मी म्हटलं.

"गेली की वरून. सावली पडली अंगावर, तेव्हाच कळलं. आवाज नाही काही नाही. घार गेल्यासारखं."

तेवढ्यात टिलरीचं विमान उठल्याचा आवाज आला. त्याचं इंजिन मोठं. फेरा मारून दक्षिणेला जाणारी विमानं सगळी आमच्यावरूनच जातात, त्यामुळे मी पायरीवर टेकले, डबा मांडीवर ठेवला आणि कान झाकायची तयारी केली. विमान जवळ आलं. पार्कच्या कोपऱ्याशी आलं आणि कललं. तळ्याच्या पलीकडे गेलं, दलदलीवरून, लांबून लांबून, पार्कचं शेवटचं टोक मागे पडेपर्यंत. मगच दक्षिणेला लागलं.

हॉइटने एक डोळा उघडला.

"आज दोन जर्मन आहेत का गं?" त्याने विचारलं आणि डोळा पुन्हा मिटला.